पोहण्याच्या तलावापासून केबिनपर्यंत: क्रूझवर अंगावर काय असावे?

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातील एका ताईंनी विचारले आहे की, डिसेंबरच्या सुट्टीत सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर त्या सहकुटुंब जाणार आहेत. सोबत पती, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा, सासू-सासरे आणि दीर-जाऊ आहेत. मुलांना पोहायचे आहे आणि त्यांना स्वतःलाही पाण्यात उतरायची फार इच्छा आहे. परंतु तलावातून बाहेर आल्यावर ओल्या अंगाने लिफ्टमधून परक्या माणसांसोबत आणि कदाचित सासऱ्यांसमोरून केबिनपर्यंत जायचे, तर अंगावर काय घालावे, टॉवेल गुंडाळला तर चालतो का, की घरचा गाऊनच न्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, हा प्रश्न सहलीपूर्वीच्या बैठकीत बहुतेक बायकांच्या मनात असतो आणि फार थोड्या जणी तो सर्वांसमोर विचारतात. पुष्कळशा जणी तो मनातच ठेवतात आणि मग चारही दिवस तलावाच्या काठावर पर्स सांभाळत बसून राहतात. गेली एकवीस वर्षे मी सोलापुरातून सहली घेऊन जाते, त्यांतल्या बऱ्याच समुद्रावरच्या आहेत. आणि माझे माहेर पूर्व भागातले, टेरी टॉवेल विणणाऱ्या घरातले, त्यामुळे ओले झाल्यावर कोणते कापड कसे वागते हे मी यंत्रमागांच्या खडखडाटात लहानपणापासून पाहत आले. या दोन्ही अनुभवांतून माझे ठाम मत असे झाले आहे की टॉवेल अंग पुसण्यासाठी असतो, अंग झाकण्यासाठी वेगळा शिवलेला कपडाच हवा. तो कपडा असा असावा: गुडघ्याच्या खाली चार बोटे येणारा सैल अंगरखा, पुढून बटणे किंवा चेन असलेला, कोपरापर्यंत बाह्यांचा, गडद किंवा दाट छापील रंगाचा, लवकर वाळणाऱ्या कापडाचा आणि एक बंद होणारा खिसा असलेला. पायात मागे पट्टा आणि तळव्याला खोल खाचा असलेली सँडल. एवढे असले की मधल्या वाटेची काळजी उरत नाही. यातली प्रत्येक गोष्ट का, ते आता सविस्तर लिहिते, कारण कारण समजले तर तुम्ही घरातल्या कपड्यांतूनही योग्य ती निवड करू शकाल.

आधी ती वाट कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. सिंगापूरहून फिरलेल्या मोठ्या जहाजांपैकी स्पेक्ट्रम ऑफ द सीज हे जवळजवळ ३४७ मीटर लांब आहे. मोकळ्या हवेतले तलाव वरच्या डेकवर असतात आणि बहुसंख्य केबिन त्याच्या खाली पाच-सात मजल्यांवर पसरलेल्या असतात. म्हणजे उन्हातून आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दारातून आत यायचे, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत थांबायचे, पार्टीला निघालेल्या किंवा जेवून आलेल्या लोकांसोबत खाली उतरायचे आणि मग गालिचा अंथरलेल्या अरुंद कॉरिडॉरमधून शंभर-दीडशे मीटर चालायचे. डेकवर सर्वांच्याच अंगावर पोहण्याचे कपडे असल्यामुळे तिथे कोणालाही अवघडल्यासारखे वाटत नाही. अवघडलेपणा सुरू होतो तो काचेचे दार ओलांडल्यावर, कारण आतली माणसे पूर्ण कपड्यांत असतात. जहाज कंपन्यांचे नियमही याच दारापाशी बदलतात. डेकवर पोहण्याचा पोशाख चालतो. आतल्या सार्वजनिक जागांत त्यावर काहीतरी घातलेले आणि पायात पादत्राण असलेच पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. बसून वाढल्या जाणाऱ्या मुख्य भोजनगृहात पोहण्याचे कपडे वरून झाकलेले असले तरी चालत नाहीत. बुफेमध्ये मात्र वर अंगरखा आणि पायात चप्पल असेल तर कोणी अडवत नाही.

या बुफेचा उल्लेख मी मुद्दाम करते. बहुतेक जहाजांवर बुफे तलावाच्याच डेकवर किंवा त्याला लागून असतो, आणि पाण्यातून बाहेर आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला जितकी भूक लागते तितकी दिवसात दुसऱ्या कशाने लागत नाही. आपण निघतो केबिनकडे आणि पोहोचतो बुफेच्या रांगेत. म्हणून केवळ पाच मिनिटांच्या वाटेचा विचार करून कपडा निवडू नका. तो घालून अर्धा तास टेबलावर बसता आले पाहिजे, समोर सासरे बसलेले असले तरी.

आता टॉवेल. आपल्या सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे, म्हणूनच त्याच्याकडून नको ते काम करून घेऊ नये असे वाटते. टेरी कापडाच्या दोन्ही बाजूंनी धाग्याचे उभे फासे असतात. त्यांच्यामुळे कापडाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि तो पाणी ओढून धरून ठेवतो. सव्वादोन-अडीच फूट रुंद आणि पाच फूट लांब, म्हणजे ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचा) टॉवेल कोरडा असताना साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तो पाणी पिऊन स्वतःच्या वजनाहून कितीतरी जड होतो. असा जड झालेला टॉवेल कमरेला किंवा छातीशी खोचला तर चालताना तो खाली ओढला जातो, आणि एका हाताने टॉवेल, दुसऱ्या हाताने मुलाचा हात धरल्यावर लिफ्टचे बटण दाबायला आणि केबिनचे कार्ड काढायला हात उरत नाही. मी हे अनेकदा पाहिले आहे. एकदा आमच्या समूहातल्या एका तरुण मुलीवर लिफ्टमध्ये असा प्रसंग आला की ती त्यानंतर पूर्ण सहलीत पाण्याजवळ आली नाही. ती सोलापूरला परतल्यावरही मला तिचा चेहरा आठवत राहिला आणि तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत हा विषय स्वतःहून काढते.

शिवाय तलावाजवळ मिळणारा टॉवेल जहाजाचा असतो. तो बहुधा निळ्या रंगाचा किंवा पट्ट्यांचा असतो आणि केबिनमधल्या पांढऱ्या टॉवेलांपासून वेगळा ओळखू येतो. काही जहाजांवर तो तुमच्या कार्डावर नोंदवून दिला जातो आणि परत न केल्यास दंड खात्यावर चढतो. तो गुंडाळून खाली नेला की पुन्हा वर आणून देण्याची आठवण ठेवावी लागते. अंग पुसून तो तिथल्या तिथे परत करणे आणि स्वतःच्या कपड्यात खाली येणे हेच सोयीचे. केबिनमधले पांढरे टॉवेल वर नेऊ नयेत.

घरच्या गाऊनबद्दल तुम्ही विचारलेत ते चांगले केले, कारण यात बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. आपला नेहमीचा सुती गाऊन, ज्याला काही घरांत मॅक्सी म्हणतात, तो नीट पाहिला तर परदेशी बायका तलावाजवळ घालतात त्या काफ्तानाचाच सख्खा भाऊ आहे: सैल, पायघोळ, पुढे चेन. त्यामुळे तो घालायला हरकत नाही. पण त्यात तीन दोष असतात. पहिला, तो घोट्यापर्यंत येतो, आणि ओल्या पायऱ्यांवर किंवा दाराच्या उंच लोखंडी उंबरठ्यावर त्याचा घेर पायात येतो. दुसरा, घरात घालून धुऊन धुऊन तो इतका विरळ झालेला असतो की ओला झाल्यावर आरपार दिसतो. आणि तिसरा दोष कापडाचा नसून आपल्या मनाचा आहे: सोलापुरात गाऊनवर आपण फार तर दारापर्यंत किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जातो, त्यामुळे दिराच्या आणि सासऱ्यांच्या देखत तो घालून चारचौघांत फिरताना स्वतःलाच संकोच वाटतो. यावर सोपा उपाय आहे. एखादा नवा, दाट छापाचा गाऊन घ्या, तो गुडघ्याच्या खाली चार बोटांवर कापून दुमडून घ्या, बाजूला खिसा लावा आणि तो फक्त या प्रवासासाठी ठेवा. तेच कापड, पण आता तो बाहेरचा कपडा झाला.

ओले कापड आरपार का दिसते, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. कोरड्या कापडातल्या तंतूंच्या मधे हवा असते आणि तंतू व हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून कापड अपारदर्शक दिसते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की विखुरणे कमी होते आणि प्रकाश सरळ आत जातो. त्यामुळे पांढरी मलमल, फिकट गुलाबी लखनवी कुर्ता, साधे लिनन हे सर्व दुकानात कितीही सभ्य दिसले तरी ओल्या कॉश्च्यूमवर निरुपयोगी ठरतात. गडद निळा, मरून, बाटली हिरवा, किंवा ज्यात रंग दाटीने भरले आहेत असा छाप घ्यावा. याचा आणखी एक फायदा आहे: आतला ओला कॉश्च्यूम काही मिनिटांत वरच्या कपड्यावर स्वतःचे ठसे उमटवतो, विशेषतः बसून उठल्यावर, आणि ते ठसे एकरंगी कापडावर लगेच दिसतात, छापील कापडात मुरून जातात.

कापड कोणते घ्यावे, याविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण चुकीच्या कापडाने सगळीच मेहनत वाया जाते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा नुसता हवेतून धरून ठेवतो, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून निव्वळ सुती कपडा अंगाला सुखद लागतो, पण वाळायला वेळ घेतो. आपल्याकडे सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि गच्चीवर टाकलेला जाडजूड टॉवेलही तासा-दीडतासात कडक होतो, त्यामुळे कापड वाळण्याबद्दलचा आपला सगळा अंदाज कोरड्या हवेचा असतो. समुद्रावर, त्यातही डिसेंबरच्या पावसाळी सिंगापुरात, हवा पाण्याने इतकी भरलेली असते की संध्याकाळी टाकलेला जाड सुती कपडा सकाळी ओलसरच हाताला लागतो. निव्वळ पॉलिस्टर लवकर वाळते, परंतु ओल्या अंगाला चिकटते आणि जॉर्जेटसारखे असेल तर शरीराचा प्रत्येक आकार दाखवते, म्हणजे झाकण्याचा हेतूच राहत नाही. रेयॉन किंवा व्हिस्कोस दुकानात सर्वांत सुंदर लोंबते आणि स्वस्तही असते. पण ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, ते जड होते, लांबते आणि शिवणीत उसवते. काफ्तान म्हणून विकले जाणारे बरेचसे कपडे याच कापडाचे असतात, तेव्हा आतली पट्टी वाचूनच घ्यावेत.

माझी पसंती सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाला आहे, आणि त्यातही ज्याच्या विणीतच चुण्या किंवा उठाव असतो अशा कापडाला. चुण्यांमुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही, मधे हवा राहते, आकार दिसत नाही आणि वाळतेही लवकर. आपल्याकडच्या टॉवेल कारखान्यांत वॅफल नावाचे चौकटी-चौकटींचे कापड विणतात, हॉटेलांचे हलके बाथरोब त्याचेच असतात; दोन-सव्वादोनशे जीएसएमचे वॅफल मिळाले तर ते अंग थोडे टिपतेही आणि झाकतेही. ज्यांना थंडी सहन होत नाही अशांसाठी ते उत्तम. मात्र टेरीचा जाड बाथरोब सोलापूरहून नेण्याच्या भानगडीत पडू नका. तो बॅगेत एका माणसाच्या कपड्यांएवढी जागा खातो आणि एकदा भिजला की उरलेली सहल वाळतच राहतो.

रंग पक्का आहे का, हेही घरीच तपासावे. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या हातरुमालावर जोरात घासा. रुमालावर रंग आला तर तो जहाजाच्या आरामखुर्चीवर, तुमच्या कॉश्च्यूमवर आणि लिफ्टच्या भिंतीवरही येईल. तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीनने रंग विटतो, तेव्हा रोज संध्याकाळी अंगरखा साध्या पाण्यात खळबळून काढावा.

वाऱ्याचा विचार बहुतेक जण जहाजावर चढल्यानंतर करतात. जहाज २० नॉट वेगाने चालले असेल तर तो वेग तासाला सुमारे ३७ किलोमीटर होतो, आणि समोरून वारा असेल तर डेकवर त्याहून जोराचा वारा जाणवतो. म्हणून कमरेला गाठ मारून नेसायचे सरॉन्ग, ओढणी, पुढून उघडे असलेले नुसते जाळीदार श्रग, यांवर भिस्त ठेवू नये. ओढणी लिफ्टच्या दारात अडकण्याचीही भीती असते. बटणे खालपर्यंत लावलेली असावीत, किंवा अंगरखा डोक्यावरून घालण्याचा असेल तर त्याचा घेर फार मोठा नसावा. पुढून उघडणारा मी अधिक सुचवते, कारण ओल्या केसांवरून आणि ओल्या दंडांवरून कपडा खाली ओढणे कठीण जाते. कापड पाठीवर गोळा होते आणि नेमके त्याच वेळी समोरून कोणीतरी येते.

थंडीचा मुद्दा लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाहेर ३० अंश आणि दमट हवा असते, आत वातानुकूलित कोरडी हवा. ओल्या त्वचेवरचे पाणी त्या हवेत झपाट्याने उडते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते, त्यामुळे आत पाऊल टाकताच मुले कुडकुडतात. यासाठी जाड कपडा घालण्यापेक्षा अंग नीट कोरडे करणे जास्त उपयोगी. माझा क्रम असा असतो: पाण्यातून बाहेर आल्यावर काठावरच्या शॉवरखाली क्लोरीन धुऊन टाकायचे, कॉश्च्यूम अंगावरच हाताने दाबून पाणी निथळवायचे, केस आधी आणि मग खाली पुसत यायचे, दहा मिनिटे आडोशाच्या खुर्चीवर बसायचे आणि मगच अंगरखा घालून दार ओलांडायचे. ही दहा मिनिटे वाचवायला गेले की कॉरिडॉरचा गालिचा भिजतो, अंगरखा भिजतो आणि थंडीही वाजते. ज्या जहाजांवर तलावाजवळच्या स्वच्छतागृहात कपडे बदलण्याइतकी जागा असते, तिथे तर कोरडे कपडे सोबत नेऊन तिथेच बदलावे आणि ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाली आणावे. चौदा डेक चढून-उतरून आलेल्या माझ्या ज्येष्ठ मंडळींना हाच मार्ग सर्वांत आवडतो.

पायांबद्दल मी आग्रही आहे. उन्हात तापलेला डेक तळवे भाजतो, आणि आत लिफ्टसमोर संगमरवरासारखी गुळगुळीत फरशी असते, जिच्यावर आधी गेलेल्यांच्या अंगावरचे पाणी सांडलेले असते. घरातली रबरी चप्पल तळाला झिजलेली असते आणि अशा फरशीवर ती साबणासारखी सरकते. आमच्या एका सहलीत साठीच्या एक बाई अगदी याच जागी घसरल्या, मनगट दुखावले आणि उरलेले तीन दिवस त्यांनी केबिनमध्ये काढले. चूक त्यांची नव्हती. पादत्राणांविषयी मी त्यांना बैठकीत पुरेसे बजावून सांगितले नव्हते, ही खंत मला आजही आहे. नवी, खाचा असलेली, टाचेमागे पट्टा असलेली सँडल घ्या. नवी पेठेतल्या कोणत्याही पादत्राणांच्या दुकानात पावसाळी म्हणून जी मिळते ती चालेल. अनवाणी आत येणे सुरक्षितही नाही आणि नियमातही बसत नाही.

खिशाविषयी थोडक्यात. केबिनचे दार उघडणारे कार्ड हेच जहाजावरचे तुमचे पाकीटही असते. ते वरच विसरले की ओल्या कपड्यांत बंद दारासमोर उभे राहावे लागते किंवा तसेच स्वागतकक्षापर्यंत जावे लागते, जो सहसा खालच्या, सर्वांत वर्दळीच्या डेकवर असतो. म्हणून अंगरख्याला चेन किंवा वेल्क्रो लावलेला खिसा हवाच. नसेल तर शिंप्याकडून लावून घ्यावा.

पुरुषांनी हा प्रश्न विचारलेला नसला तरी त्यांच्याही बाबतीत तो आहेच. घरी आंघोळ झाल्यावर पंचा गुंडाळून बनियनवर वावरण्याची आपल्याकडे सवय असते आणि वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण जहाजावर काचेच्या दाराच्या आत उघडी छाती किंवा नुसते बनियन शोभत नाही. गुडघ्यापर्यंतची नायलॉनची बरमुडा आणि वर पटकन वाळणारा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, एवढे पुरते. पंचा मात्र जरूर न्यावा: पातळ सुती पंचा पाणी छान टिपतो, पिळला की हलका होतो आणि जागाही खात नाही. सासरेबुवांना तो पाहून बरेही वाटेल.

आठ वर्षांच्या मुलासाठी मी एक घरगुती गोष्ट सुचवते, जी आमच्या घरात माझ्या आईने आम्हा भावंडांसाठी केली होती. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, चारशे जीएसएमच्या आतला एक टेरी टॉवेल घ्या. आधी तो दोनदा गरम पाण्याने धुवा, कारण नवा टॉवेल आक्रसतो, त्याचा कोंडा झडतो आणि त्याच्यावरची मऊपणाची प्रक्रिया धुऊन जाईपर्यंत तो पाणी नीट टिपत नाही. मग मधोमध दुमडा, घडीवर मान जाईल एवढी चीर देऊन तिला सुती पट्टी लावा, आणि दोन्ही बाजूंना हात बाहेर येतील एवढी जागा सोडून खालून एक वीत शिवून टाका. हवे तर दुसऱ्या लहान नॅपकिनची टोपी जोडा. मुलाने पाण्यातून बाहेर येऊन ते डोक्यावरून चढवले की तो पुसलाही जातो आणि झाकलाही जातो. त्याच्या बाबतीत टॉवेल आणि कपडा एकच असला तरी बिघडत नाही, कारण शिवलेला टॉवेल सुटत नाही. त्याच्यासाठी असे दोन करा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येईल.

तेरा वर्षांच्या मुलीचे मात्र वेगळे आहे. तिच्यासाठी तुम्ही निवडू नका. तिला सोबत नेऊन तिच्याकडून निवडून घ्या. या वयात शरीराबद्दलचा संकोच फार तीव्र असतो आणि आईने निवडलेला कपडा तिला नको असेल तर ती पाण्यातच उतरणार नाही. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत पायजम्याचा पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो, तो पाण्यातही चालतो आणि त्यावर सैल, मांडीपर्यंतचा चेनचा जॅकेटवजा शर्ट घातला तर तिला सर्वत्र मोकळेपणाने फिरता येईल. तुम्हाला स्वतःलाही हाच पर्याय आवडला तर जरूर घ्या. एक लक्षात ठेवा, पाण्यात जायचा कपडा नायलॉन, पॉलिस्टर किंवा लायक्राचाच हवा. सुती लेगिंग आणि टी-शर्ट घालून उतरायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, कारण सुती धागे सुटून गाळणीत अडकतात, आणि भिजलेले सुती कापड पोहणाऱ्याला खाली ओढते. प्रत्येकी दोन कॉश्च्यूम न्या. ओला कॉश्च्यूम पुन्हा चढवण्यासारखे नकोसे काही नाही.

सासूबाई पाण्यात उतरणार नसतील आणि काठावरच बसणार असतील तर त्यांनी साडी खुशाल नेसावी. फक्त ती घोट्याच्या थोडी वर असावी, पदर दोन ठिकाणी पिनेने पक्का असावा आणि कापड सिंथेटिक असावे, म्हणजे काठ भिजला तरी लवकर वाळेल. त्यांना पाय पाण्यात सोडावेसे वाटले तर सलवार-कुर्ता सोयीचा. मी अशा अनेक सासूबाई पाहिल्या आहेत ज्या पहिल्या दिवशी लांब बसल्या आणि तिसऱ्या दिवशी नातवासोबत गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, तेव्हा त्यांच्यासाठीही एक छापील अंगरखा बॅगेत असू द्या, त्यांना आधी न सांगता.

केबिनमध्ये आल्यावर ओले कपडे बाल्कनीच्या कठड्यावर टाकू नयेत. वाऱ्याने ते उडतात आणि सुरक्षेच्या कारणावरून तसे करायला मनाईही असते. बऱ्याच केबिनच्या न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढायची एक बारीक दोरी असते, तिच्यावर टाकावेत. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे दोन-चार हुक नेले तर वातानुकूलित हवेच्या झोतासमोर कपडा टांगता येतो आणि तो रात्रीत वाळतो. टांगण्याआधी अंगरखा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दोघींनी दोन टोकांनी पिळला तर निम्मे पाणी तिथेच निघून जाते.

पहिल्या दिवसाची तयारी वेगळी करावी लागते. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनच्या दारात त्या दुपारनंतर, कधी संध्याकाळी येतात. तलाव मात्र चढल्या चढल्या खुला असतो आणि मुले थांबायला तयार नसतात. म्हणून सर्वांचे कॉश्च्यूम, अंगरखे, मुलाचा शिवलेला टॉवेल आणि ओल्या कपड्यांसाठी दोन जाड पिशव्या हातातल्या बॅगेत ठेवा. तलावाकाठी बसतानाही अंगरखा आणि सँडल खुर्चीवर हाताशी असू द्या. सात किंवा अधिक लहान आणि एक लांब असा भोंगा वाजला तर तो आणीबाणीचा इशारा असतो, आणि त्या वेळी केबिनपर्यंत जाऊन कपडे करण्याइतका अवधी मिळेलच असे नाही.

शिवून घ्यायचे असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच कापड टाका, कारण त्यानंतर लग्नसराईमुळे शिंपी तारीख पुढे ढकलतात. अंगरख्याला सामान्य उंचीच्या बाईसाठी पन्हा मोठा असेल तर अडीच मीटर कापड पुरते. शिंप्याला तीन गोष्टी लिहूनच द्या: बगलेत दोन इंच सैल, खिशाला चेन, आणि बटणे गुडघ्यापर्यंत. तो अंगरखा हातात आला की एकदा घरच्या न्हाणीघरात ओल्या कॉश्च्यूमवर घालून आरशासमोर उभ्या राहा, बसून पाहा, हात वर करून पाहा. खटकण्यासारखे जे काही असेल ते तिथेच दिसेल आणि दुरुस्तीला वेळही हाताशी राहील.